दोन वेळची आंघोळ

वैशाख आला हे मला कॅलेंडरच्या आधी माझी डावी काख सांगते. नांदेडच्या आमच्या गल्लीत आंब्याचे गाडे उभे राहू लागतात, कूलरच्या टाक्या भरल्या जातात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि अशाच एखाद्या सकाळी केस विंचरायला हात वर करावा तर काखेत खोलवर काहीतरी खुपतं. हरभऱ्याएवढी गाठ. वरून कातडी साधीसुधी, आत मात्र ठणका. मी कंगवा खाली ठेवते, मान तिरकी करते आणि कोपर अंगाला चिकटवूनच वेणी घालते. इतक्या वर्षांत तेही जमायला लागलं आहे.

आपल्याकडे याला काखमांजरी म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याला स्वतःला ती झालेली असणार. मांजर आपली पिलं सात घरं हिंडवते म्हणतात, तसंच या दुखण्याचं. आज डाव्या काखेत, काही दिवसांनी उजव्या, मग जांघेत, मग छातीखाली, आणि फिरून पुन्हा डाव्या काखेत. गाठ येते, लाल होते, पिकते, फुटते, वाहते. आता सुकली म्हणून जरा हुश्श करावं तर शेजारची डोकं वर काढते. ‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आली की लोक खो खो हसतात. मला जावई नाही, आणि हसूही कधी मनापासून आलं नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझ्या वर्गातल्या मुलांना वाटायचं की फळा अर्धाच लिहायचा असतो, कारण बाई नेहमी खालच्या अर्ध्यातच लिहायच्या. वरचा अर्धा भाग मी कुणातरी उंच पोरीला सुविचारासाठी देऊन टाकला होता. एसटीत उभं राहायची वेळ आली की कंडक्टर ओरडायचा, "बाई, वर दांडा धरा की!" मी सीटच्या पाठीला धरून हिंदकळत जायची. पर्समध्ये पावडर-कुंकवाऐवजी जुन्या मऊ धोतराच्या घड्या असत. ब्लाउज सगळे गडद रंगाचे. हौसेनं पांढरं नेसणाऱ्या बायकांचा मला फार हेवा वाटायचा, आणि तो कुणाला सांगताही यायचा नाही.

वैशाख म्हटलं की मन लातूरला जातं. लातूर नुकता नवा जिल्हा झाला होता आणि पाऊस मात्र आमच्यावर रुसला होता, त्या कोरड्या उन्हाळ्यात. माझे वडील, म्हणजे अण्णा, कचेरीत शिपाई होते. आम्ही मूळचे चाकूरकडचे. जिल्ह्याच्या नव्या कचेरीत अण्णांची बदली झाली आणि आम्ही गावाच्या कडेला दोन खोल्यांत राहायला आलो. अण्णा, माय, मी आणि माझा धाकटा भाऊ. जिकडेतिकडे नव्या पाट्या, त्यांच्या रंगाचा वास, अर्धवट बांधलेल्या इमारती, आणि त्या इमारतींची धूळ. पाव्हण्यांना पत्ता सांगताना लोक ‘जिल्हा लातूर’ या शब्दांवर जरा जोर द्यायचे. आणि त्याच तोंडानं नळाच्या नावानं खडे फोडायचे. विहिरींचे तळ दिसू लागले होते. टँकर यायचा तेव्हा घागरी, कळश्या, डालड्याचे डबे, जे हाताला लागेल ते घेऊन बायका धावायच्या. शेजारच्या कौसाबाई म्हणायच्या, "जिल्हा आला आन् पानी गेलं. कलेक्टर पिऊन ऱ्हायलाय काय की सगळं!"

त्या उन्हाळ्यात मला पहिली गाठ आली. मी सोळा-सतरा वर्षांची. माय भाकरी थापत होती. मी चुलीजवळ बसून हळूच सांगितलं. तिनं पिठाच्या हातानंच माझा हात वर केला आणि बघितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही, हे मला आजही आठवतं. तिचा चेहरा एकदम उतरला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग ती उठली, जवस वाटलं, शिजवलं, फडक्यात बांधून गरम गरम पोटीस माझ्या काखेत धरलं. म्हणाली, "आज न्हाई फुटायची. परवा दिस मावळायच्या टायमाला फुटंल. तवर दम धर." आणि परवा दिवस मावळताना ती खरोखर फुटली. सगळ्याच आयांना सगळं कळतं, असं मला तेव्हा वाटायचं.

मग दुसरी आली, तिसरी आली. आणि तिसरीबरोबर सल्ले आले. कुणी भाजलेला कांदा आणि हळद सांगितली, कुणी गेरू. कौसाबाईंनी दृष्ट काढली आणि बजावलं, "उष्णता हाय पोरीला. आंबा खाऊ देऊ नगा." त्या दुष्काळात आंबा कुणी पाहिला होता! पण मायनं तोही बंद केला. बाजारपेठेतल्या गोलाईजवळ एक म्हातारे हकीम बसत. त्यांनी कागदाच्या पट्टीवर काळा मलम लावून दिला. तो कातडीसकट निघायचा. हकीम मात्र बोलायला फार गोड होते. "बेटी, फिकीर करू नको, ही बिमारी येते तशी जाते," म्हणाले. त्यांचं अर्धं म्हणणं खरं निघालं. बिमारी यायची आणि जायची, आणि पुन्हा यायची.

शेवटी अण्णा मला दवाखान्यात घेऊन गेले. अंगावर पांढराशुभ्र गणवेश, लाल पट्टा, पट्ट्यावर घासून लखलखीत केलेला पितळी बिल्ला. डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग मोठी होती. त्यांनी गाठीला चीर दिली, पू काढला, बोळा भरला. मी ओठ चावून उभी होते. हात धुता धुता ते म्हणाले, "स्वच्छता ठेवत नाही का घरी? रोज दोन वेळा आंघोळ करायची. साबण लावून, चांगलं घासून. मग नाही होणार." आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. त्यांच्या लेखी ते एक साधं वाक्य होतं. अण्णांनी मान खाली घातली आणि "हाव साहेब" म्हणाले.

ते वाक्य आमच्या घरात का एवढं लागलं, हे सांगायला हवं. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा अण्णा तरुण होते. तेव्हापासून त्यांचा विश्वास दोन गोष्टींवर, शाळा आणि साबण. शिळी भाकर चालेल, पण कॉलरला मळ चालणार नाही. गणवेशाला नीळ ते स्वतः द्यायचे. मायच्या हातालासुद्धा ते काम मिळायचं नाही. आम्हा भावंडांची नखं दर रविवारी तपासली जायची. "पिढ्यान् पिढ्या लोकांनी आपल्याला घान म्हनलं," ते सांगायचे, "आता कुनाला त्यो शब्द तोंडातून काढायला जागा ऱ्हाऊ द्यायची न्हाई." आणि तोच शब्द न उच्चारता एका शिकल्यासवरल्या माणसानं, त्यांच्या देखत, त्यांच्या मुलीच्या अंगावर ठेवला होता. दवाखान्यातून घरी येईपर्यंत अण्णा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. ते रागावलेले नव्हते. त्यांना लाज वाटत होती, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दोन वेळच्या आंघोळी सुरू झाल्या. प्यायला पाणी पुरेना, आणि माझ्या आंघोळीला दोन वेळा बादली. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. ते पाणी कुठून यायचं हे मला दिसत होतं. अण्णा ओल्या फडक्यानं अंग पुसून कचेरीत जाऊ लागले. भाऊ शाळेच्या नळाखाली डोकं भिजवून यायचा आणि मार खायचा. मायची आंघोळ मात्र कुणालाच कधी दिसली नव्हती. ती नेहमी सगळ्यांच्या आधी उठून, दार लावून उरकायची. त्या उन्हाळ्यात विचारलं की म्हणायची, "माझं झालं की दुपारीच." दुपारी तर घरात पाण्याचा टिपूसही नसायचा.

मोरीला गोणपाटाचा पडदा होता. लाल साबणाचा तो उग्र वास आजही कुठं आला तरी माझे खांदे आपोआप आवळतात. माय मला भिंतीकडे तोंड करून उभी करायची आणि टाचा घासायच्या वजरीनं माझी काख घासायची.

"माय, लागून राहिलंय गं."

"लागू दे. घान निघाया पायजे."

"घान न्हाई तितं. सुजलंय नुसतं."

"दाक्तर येडा हाय का? हात वर धर, बाई माझी. हात वर धर."

मी हात वर धरायची. जिवाच्या करारानं धरायची, कारण आपण बरं व्हायचंच असं मीही ठरवलं होतं. सुजलेल्या, चिरलेल्या कातडीवर खरखरीत दगड फिरायचा आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. आणि जितकं घासावं तितक्या गाठी वाढत चालल्या. एकीच्या जागी दोन, दोघींच्या मध्ये आतून बोगदा पडल्यासारखी वाट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण आमच्यापैकी कुणालाही घासणं थांबवावं असं सुचलं नाही. गाठी वाढल्या की आम्हाला वाटायचं, पाणी कमी पडतंय.

मग वैशाख पौर्णिमा आली. आमच्या वस्तीतला विहार तेव्हा पत्र्याचा होता. सगळ्या बाया-पोरी पांढरं नेसून यायच्या. त्या वर्षी बुद्धवंदना सांगायला माझं नाव निघालं होतं, कारण माझे उच्चार चांगले होते. मायनं पेटीतून तिची पांढरी साडी काढली, तिच्यावर पांढरा ब्लाउज शिवून घेतला. सकाळी माझ्या आंघोळीला आख्खी बादली. काखेत घड्या ठेवून मी गेले, हात जोडून उभी राहिले. पत्रा तापला होता. वंदना अर्ध्यावर आली आणि आत काहीतरी फुटल्याचं मला कळलं. कोमट ओल कमरेपर्यंत उतरत गेली. मी म्हणायचं थांबवलं नाही. माझा आवाजही हलला नाही. पण वास लपत नाही. मी खाली बसल्यावर कौसाबाई माझ्याकडे झुकल्या आणि त्यांना वाटलं तेवढं हळू म्हणाल्या, "सनावाराला तरी आंग धून यावं गं पोरी."

बाई वाईट नव्हती. याच बाईनं माझी दृष्ट काढली होती. पण ते शब्द तीन रांगांत ऐकू गेले. मायनं ऐकले, अण्णांनी ऐकले. घरी येताना अण्णा पुढं, आम्ही मागं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दारापाशी येऊन अण्णा थांबले आणि मागं न बघता मायला म्हणाले, "उद्यापून माझी प्यायाची घागर बी हिलाच दे." मला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला डॉक्टरांचा राग येतो, त्या लाल साबणाचा येतो, सगळ्यात जास्त त्या एका शब्दाचा येतो. तहानलेला माणूस आपली घागर देऊन टाकतो, आणि ती ओतायची कुठं तर जिथं तिचा काडीचा उपयोग नाही तिथं.

मी डोळे भरून पाणी पाहिलं ते नांदेडला, लग्नानंतर. गोदावरीच्या घाटावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मनात आलं ते असं, की एवढ्या पाण्यानं तरी जाईल का हे! लग्नाआधी हे दुखणं पाव्हण्यांना सांगायचं नाही, अशी मायची सक्त ताकीद होती. मी सांगितलं. ज्यांना सांगितलं त्यांनी विचारलं, "फार दुखतं का?" तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांच्याशीच लग्न केलं.

त्यानंतर इलाजांची जत्राच होती. सुया झाल्या, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या झाल्या. देगलूरकडचे एक वैद्य अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलत, त्यांचा कडू काढा झाला. चिरा किती दिल्या याचा हिशेब मी ठेवला नाही. चीर दिली की चार दिवस स्वर्ग, मग पुन्हा मांजर हजर. रक्त तपासलं, साखर तपासली, आणि प्रत्येक ठिकाणी निघताना तेच वाक्य, स्वच्छता ठेवा. मी मान हलवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शाळेत मुलांना आरोग्याचा धडा शिकवताना ‘स्वच्छ राहा, निरोगी राहा’ हे मी फळ्यावर लिहायची, आणि लिहिणारा हात अंगाला दाबून धरलेला असायचा.

मग केव्हातरी नांदेडमध्येच कातडीच्या रोगांची एक डॉक्टरीण भेटली. तिनं दोन्ही हात वर करायला लावले आणि ती बराच वेळ नुसती बघत राहिली. घाई नाही, नाकाला रुमाल नाही. "घरात आणखी कुणाला आहे?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "नाही." मग तिनं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि समजावलं. केसांच्या मुळाशी तोंडं बंद होतात, आतल्या आत सूज धरते. हे लागण होऊन होत नाही, बऱ्याचदा घराण्यात असतं, वयात आल्यावर सुरू होतं. "आणि हे अस्वच्छतेमुळं होत नाही," ती म्हणाली. "तुम्ही दिवसातून दहा आंघोळी केल्या असत्या तरी झालं असतं. घासू तर मुळीच नका, घासल्यानं वाढतं." पुढं ती गोळ्यांबद्दल, आतले बोगदे उघडण्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होती. "पूर्ण जाईल असं खोटं सांगणार नाही, पण आटोक्यात येईल," असंही म्हणाली. तिनं शब्द पाळला, आता वैशाखात एखादी येते आणि गोळ्यांनी बसते. पण त्या दिवशी मला पुढचं काही ऐकूच येत नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर बसून मी हमसून हमसून रडले. नवऱ्याला वाटलं, काहीतरी भयंकर निघालं.

मला मायला सांगायचं होतं. अण्णा तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माय चाकूरला भावाकडे राहत होती. मी एसटीनं गेले. वैशाखच होता. घरची सगळी शेताकडे गेलेली, माय एकटीच ज्वारी पाखडत बसली होती. मी पाणी प्यायच्या आधी सांगितलं, "माय, नांदेडची दाक्तरीन म्हनली, हे घानीनं होतच न्हाई."

सुपातली ज्वारी सुपातच राहिली. "मग कशानं होतं?"

"आंगातच असतं ते. घराण्यात असतं म्हने."

"आंघोळ न केल्यानं न्हाई?"

"न्हाई."

"पानीच नसलं तरी न्हाई?"

"न्हाई गं माय. पान्याचा काय बी संबंध न्हाई."

तिनं सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून उठली, घरात कुणी नसतानाही दार लावून आली. मग माझ्यासमोर बसून तिनं ब्लाउजचे हूक काढले आणि डावा हात वर केला. मी माझ्या आईचा हात तेवढा वर गेलेला जन्मात पाहिला नव्हता. जुन्या गोधडीला आडवेतिडवे टाके घालावेत तशी तिची काख शिवल्यासारखी झाली होती. दोऱ्यासारखे वण, मध्ये खड्डे, आणि एका खड्ड्यातून अजून ओल येत होती. तिनं उजवाही दाखवला.

"न्हातीधुती झाल्यापून हाय," ती म्हणाली. "तवा आमाला हिरीला शिवू देत नव्हते. वरून कुनी वतलं तर घागर भरायची. ती प्यायालाच पुरत नव्हती, आंग कुठून धुनार? म्या म्हनलं, मला पान्याबिगर झालं हे. तुला झालं तवा म्या मनात धरलं, हिला पानी कमी पडू द्यायचं न्हाई. मंग हिचं जाईल."

गाठ कधी फुटणार हे तिला कसं कळायचं, तिची आंघोळ कुणाला का दिसायची नाही, माझी काख पाहून तिचा चेहरा का उतरला, सगळं माझ्यापुढं हात वर करून बसलं होतं. त्या दुष्काळात ती स्वतः वाहत होती, आणि वाट्याचं पाणी मला देत होती. मी कसंबसं विचारलं, "अण्णाला ठावं होतं?"

"छ्या!" ती एकदम म्हणाली. "त्येन्ला कधीच कळू दिलं न्हाई. आख्खा संसार झाला, दिव्याच्या उजेडात हात वर केला न्हाई म्या. त्येन्ला सोच्छ मानसं आवडायची गं."

मी तिच्या खांद्यावर पदर टाकायला गेले. तिनं तो नको म्हणून बाजूला केला. हात तसाच वर, भिंतीला टेकवून ती बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "म्हंजे मी बी सोच्छच व्हते म्हन की."

"हाव माय."

तिनं मान हलवली. बंद दाराकडे बघत म्हणाली, "आता तुझ्या अण्णाला हे कुनी सांगावं?"